एका दांड्याचे दोन भोई

२८ जानेवारी २००० या दिवशी जपानच्या निईगाता प्रांतातल्या काशिवाझाकी शहरात एक मुलगी सापडली. नऊ वर्षांची असताना तिला पळवून नेलं होतं, आणि पुढची नऊ वर्षं ती एका घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली होती. सापडली ती आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांना. त्यांनी बोलावलं तेव्हा पोलीस आले नाहीत. नंतर मात्र तिला आपणच शोधलं, असं त्यांनी वार्ताहरांना सांगितलं. त्या रात्री प्रांताचे पोलीसप्रमुख गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या एका हॉटेलात होते. राजधानीतून तपासणीसाठी आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याबरोबर त्यांचा माजोंगचा डाव रंगला होता.

हे एकच प्रकरण असतं तर देशाने कदाचित गिळलं असतं. पण कानागावा प्रांतात एका पोलिसाचं अमली पदार्थांचं व्यसन दडपून टाकल्याबद्दल खुद्द माजी पोलीसप्रमुख आरोपी म्हणून न्यायालयात उभे होते. साइतामात एका विद्यार्थिनीने छळाची फिर्याद दिली होती. ठाण्यातल्या लोकांनी ती कागदोपत्री बदलून हलकी केली, हेही उघड झालं. तोवर ती मुलगी जिवंत राहिली नव्हती. ऑक्टोबर १९९९ मध्ये रेल्वे स्टेशनसमोर, भरदिवसा तिचा खून झाला होता. मार्च २००० मध्ये जपानमध्ये पोलीस सुधारणेसाठी परिषद नेमावी लागली.

त्याच वर्षी ३ जूनच्या शनिवारी रात्री टीव्ही आसाही या वाहिनीवर दोन तासांचं एक रहस्यनाट्य लागलं. वाहिनीच्या 'शनिवार वाइड थिएटर' या मालेत १९७७ पासून दर आठवड्याला असं एखादं नाट्य लागायचं, लोक बघायचे आणि विसरायचे. या नाट्याचं नाव होतं 'आइबो'. मुख्य लेखक कोशिमिझु यासुहिरो, निर्मितीत तोएइ ही जुनी चित्रपटसंस्था. नाट्यात मरत होते ते पोलीस, आणि संशयाची सुईही पोलिसांकडेच वळत होती. घोटाळ्यांची वर्तमानपत्रं वाचून दमलेल्या प्रेक्षकाला हे परकं वाटलं नसणार.

'आइबो' म्हणजे जोडीदार. जपानी लिपीत हा शब्द दोन अक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ 'परस्पर', दुसऱ्याचा 'दांडा'. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, जपानी रस्त्यांवर 'कागो' नावाच्या डोल्या धावायच्या. एकच लांब दांडा, त्याला लटकवलेली डोली, पुढे एक भोई आणि मागे एक. पुढच्याला साकिबो म्हणायचे, मागच्याला आतोबो. हे दोघे एकमेकांचे आइबो. पालखी आणि मेणे पाहिलेल्या मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पावलं जुळली नाहीत तर आतल्या माणसाला हिसके बसतात. एकाने खांदा काढला तर दुसऱ्याच्याने डोली जागची हलत नाही. भोयांमध्ये मैत्री असेलच असं नाही. ओझं मात्र एक असतं. ही मालिका पंचवीस वर्षं टिकली ती हा मूळ अर्थ तिने सोडला नाही म्हणून, असं मला ठामपणे वाटतं. गुन्ह्याची कोडी तर सगळ्याच मालिकांत असतात.

जपानी दूरचित्रवाणीवरच्या पोलिसांची त्याआधीची परंपरा मोठी आहे, आणि गंमत अशी की ती सगळी एकाच नटाच्या चेहऱ्यातून पाहता येते. जुलै १९७२ मध्ये 'ताइयो नि होएरो!' ही मालिका सुरू झाली. इशिहारा युजिरो हा त्या काळातला चित्रपटतारा तिथे पथकप्रमुख होता. ती १९८६ पर्यंत चालली आणि तिचे ७१८ भाग झाले. तरुण, बंडखोर, धावत सुटणारे पोलीस, आणि कामावर असतानाच त्यांचं मरण, हा तिचा साचा. तिच्या पहिल्या भागातला तरुण गुन्हेगार साकारला होता वीस वर्षांच्या मिझुतानी युताका यांनी. दोन वर्षांनी 'किझुदाराके नो तेन्शी' या मालिकेत तेच मिझुतानी हागिवारा केनइची यांच्या नायकामागे 'दादा, दादा' करत फिरणारा पोरगेला साथीदार झाले. तिथे दांड्याच्या मागच्या टोकाला ते होते. १९७९ मध्ये ते पडद्यावर पहिल्यांदा ठळकपणे पोलीस झाले, आणि १९९० नंतर 'केइजी किझोकु' या मालिकेत त्यांच्या पथकात तेरावाकी यासुफुमी हा दहा वर्षांनी लहान नट आला. हीच जोडी २००० मध्ये पुन्हा एकत्र आली. म्हणजे 'आइबो'चा पहिला भाग लागला तेव्हा मिझुतानींनी गुन्हेगार, धाकटा साथीदार आणि पोलीस या तिन्ही जागा पडद्यावर जगून झाल्या होत्या.

मधल्या काळात देश बदलला होता. १९७९ ते १९८४ मध्ये गाजलेल्या 'सेइबु केइसात्सु'त बंदुका कडाडायच्या आणि ढीगभर मोटारी उलटायच्या. तो चढत्या पैशाचा काळ होता. १९९० च्या सुमारास फुगा फुटला आणि पुढचं अख्खं दशक मंदीत गेलं. १९९७ च्या 'ओदोरु दाइसोसासेन'ने पोलिसांकडे पहिल्यांदा कार्यालय म्हणून पाहिलं. तिथला हवालदार गुन्हेगाराशी कमी आणि मुख्यालयातल्या साहेबांशी जास्त झगडतो. जपानमध्ये अडीच लाखांच्या आसपास पोलीस आहेत. त्यांतले काही शेकडाच राष्ट्रीय परीक्षा देऊन थेट वरच्या पायरीवर चढलेले असतात. त्यांना 'कॅरिअर' म्हणतात. ही दरी त्या मालिकेने विनोदाच्या अंगाने दाखवली होती. 'आइबो'ने तिच्या तळाशी एक खोली बांधली.

ती खोली टोकियोच्या पोलीस मुख्यालयात आहे. नाव भारदस्त, 'तोकुमेइगाकारी', म्हणजे विशेष आदेशावर काम करणारा विभाग. प्रत्यक्षात तिला कुणीच आदेश देत नाही. दुसऱ्या एका विभागाच्या कोपऱ्यातली ही जागा, तिला धड दार नाही. शेजारचा विभागप्रमुख काकुता कॉफीचा मग हातात घेऊन रोज आत डोकावतो आणि विचारतो, "मोकळे आहात का?" तो प्रश्न पुढे मालिकेची खूण झाला. जपानी नोकरदाराला ही खोली ओळखीची होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून काम काढून घेऊन खिडकीशेजारी बसवलेल्या कर्मचाऱ्यांना 'खिडकीकडची जमात' म्हणत. २०१२ च्या अखेरीस तर मोठ्या कंपन्यांतल्या 'हाकलण्याच्या खोल्यां'च्या बातम्या आल्या. माणसाने कंटाळून स्वतःच राजीनामा द्यावा यासाठी केलेल्या त्या खोल्या. कोशिमिझु यांनी त्याच्या कितीतरी आधी तशा खोलीत एक खुर्ची टाकली आणि तिच्यावर मिझुतानींच्या सुगिशिता उक्योला बसवलं.

उक्यो टोकियो विद्यापीठाच्या कायदा शाखेचा, कॅरिअर अधिकारी, स्कॉटलंड यार्डात प्रशिक्षण घेऊन आलेला. पँटला खांद्यावरचे पट्टे, बारीक चष्मा, काळी छोटी निसान फिगारो. किटली हातभर वर धरून तो कपात चहा ओततो आणि एक थेंब सांडत नाही. संशयिताच्या दारातून बाहेर पडता पडता बोट वर करून "आणखी एकच गोष्ट" म्हणतो, तेव्हा अमेरिकन टीव्हीवरच्या गुप्तहेर कोलंबोची आठवण होणं साहजिक आहे. बारीकसारीक गोष्टी मनातून जात नाहीत ही माझी वाईट खोड, असं तो स्वतःबद्दल सांगतो. १९८७ मध्ये एका ओलीस प्रकरणासाठी ओनोदा नावाच्या अधिकाऱ्याने गुप्त पथक उभं केलं, उक्योला त्याचा मेंदू केलं. उक्योच्या वाटाघाटी चालू असताना वरून घाई झाली, धाड पडली, माणसं मेली आणि ठपका उक्योवर आला. तेव्हापासून तो या खोलीत आहे. त्याच्या हाताखाली पाठवलेला प्रत्येक जण काही दिवसांत नोकरी सोडतो, म्हणून मुख्यालयात त्याला 'माणसांचं कबरस्तान' म्हणतात.

आणि तिथे कामेयामा काओरु येतो. आरोपीला धरायला गेला आणि स्वतःच ओलीस सापडला, म्हणून शिक्षा झालेला. अंगात वैमानिकांसारखं जाकीट, डोक्यात राग, डोळ्यांत पटकन पाणी. तेरावाकींनी हा माणूस इतका मोकळा उभा केला की उक्योच्या थंड बुद्धीला त्याच्या शेजारीच अर्थ आला. उक्यो गुन्हा उलगडतो. गुन्हा करणाऱ्याला काय झालं असेल हे विचारणारा कामेयामा असतो. ओनोदाच्या भूमिकेत किशिबे इत्तोकु होते, साठच्या दशकातल्या 'द टायगर्स' या बँडचे बास गिटारवादक. फिरत्या पट्ट्यावरून उचललेली सुशीची रिकामी बशी परत पट्ट्यावर ठेवणारा त्यांचा ओनोदा, इतका निवांत आणि इतका घातक साहेब मी दुसऱ्या मालिकेत पाहिलेला नाही.

तीन दोन-तासी भाग झाल्यावर ९ ऑक्टोबर २००२ पासून 'आइबो' बुधवारी रात्री नऊला दर आठवड्याची मालिका झाली. पहिल्या हंगामाचे बारा भाग झाले, प्रतिसाद बरा होता, उत्सव करावा असा नव्हता. मग टीव्ही आसाहीने दुपारी तिचे जुने भाग पुन्हा पुन्हा लावायला सुरुवात केली. घरी असलेली म्हातारी माणसं, गृहिणी, शाळेतून परतलेली मुलं यांनी ते पाहिले आणि रात्रीच्या प्रेक्षकांत भर पडत गेली. ऑक्टोबर ते मार्च हा तिचा ऋतूच ठरून गेला.

मे २००८ चा पहिला चित्रपट म्हणजे या वाढीचं टोक. तिकीटबारीवर त्याने ४४४ कोटी येन मिळवले. पण मला त्याचं महत्त्व पैशापेक्षा विषयामुळे वाटतं. बाहेरून पाहिलं तर ती टोकियोतल्या मॅरेथॉनवर आलेल्या घातपाताच्या धोक्याची गोष्ट. आत दडलेली गोष्ट परदेशात मदतकार्याला गेलेल्या एका जपानी तरुणाची आहे. अपहरणकर्त्यांनी त्याला धरलं तेव्हा सरकार आणि जनता दोघांनीही 'तुझी जबाबदारी तुझी' म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली. एप्रिल २००४ मध्ये इराकमध्ये ओलीस धरलेले तीन जपानी नागरिक सुटून घरी आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला स्वागताऐवजी हेच शब्द आले होते. अख्खा देश ज्या निष्ठुरतेत सामील होता, ती करमणुकीच्या चित्रपटात चार वर्षांनी त्याच्यापुढे ठेवणं सोपं नव्हतं. मुलाच्या बापाचं काम निशिदा तोशियुकी यांनी केलं, आणि बहुतेक प्रेक्षक खलनायकाच्या बाजूने रडत बाहेर पडले असतील.

त्याच वर्षी १७ डिसेंबरला कामेयामा गेला. सार्विन नावाच्या काल्पनिक गरीब देशात मुलांना न्याय म्हणजे काय ते शिकवण्यासाठी, मारल्या गेलेल्या मित्राचं काम पुढे नेण्यासाठी. लोकप्रियता चढत असताना अर्धी जोडी काढून घेण्याचा हा निर्णय आत्मघातकी ठरू शकला असता. हंगामाच्या उरलेल्या भागांत उक्यो एकटाच राहिला. कधी हा, कधी तो त्याच्याबरोबर चालला. मार्च २००९ मध्ये कानबे ताकेरु आला. केंद्रीय पोलीस यंत्रणेतला गुळगुळीत अधिकारी, उक्योवर नजर ठेवायला धाडलेला. ओइकावा मित्सुहिरो यांनी तो आधी परका आणि मग हळूहळू अस्वस्थ होत जाणारा केला. नव्या भोयाचं पाऊल जुळायला वेळ लागतो. लेखकांनी तो वेळ दिला. नववा हंगाम सरासरी वीस टक्क्यांच्या वर गेला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एका भागाने २३.७ टक्के प्रेक्षक गाठले.

त्याच नवव्या हंगामात, डिसेंबर २०१० मध्ये, 'बॉर्डरलाइन' लागला. या भागाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. एका इमारतीवरून पडून एक मध्यमवयाकडे झुकलेला माणूस मेला आहे. हातांवर झटापटीच्या जखमा आहेत, म्हणजे खून असणार. उक्यो आणि कानबे त्याचे मागचे महिने उलगडत जातात. कंत्राटी नोकरी गेली, तिच्याबरोबर राहायची जागा गेली, मग नातं. सुपरमार्केटमध्ये चवीसाठी ठेवलेले घास खाऊन तो दिवस काढत होता. शेवटी कळतं की मारेकरी कुणीच नाही. आपल्या मरणाला कुणीतरी जबाबदार आहे असं दिसावं म्हणून त्यानेच त्या जखमा करून घेतल्या होत्या. साकुराई ताकेहारु यांनी लिहिलेल्या या भागाला २०११ मध्ये दारिद्र्यविरोधी कार्यकर्त्यांच्या मंचाने पत्रकारितेचा पुरस्कार दिला. कल्पित मालिकेला पत्रकारितेचा पुरस्कार! २००८ च्या मंदीत कारखान्यांनी कंत्राटी कामगारांना एका फटक्यात बाहेर काढलं, तो विषय हजार बातम्यांनी सांगितला होता. त्या मृत माणसाच्या खिशातल्या कागदांनी तो मनात उतरवला.

सगळंच असं उजळ नाही. तिसऱ्या हंगामातल्या एका भागात ग्रंथपाल पोलिसांना वाचकाची माहिती देऊन टाकते. जपानी ग्रंथालयांनी १९५४ मध्येच वाचनस्वातंत्र्याचं जाहीरपत्र स्वीकारलं आहे, आणि वाचकाने काय वाचलं ते गुप्त ठेवण्याला तिथे व्रताचं स्थान आहे. ग्रंथालय क्षेत्रातून हरकत आली आणि तो भाग पुन्हा दाखवला गेला नाही. १ जानेवारी २०२२ च्या विशेष भागात कंत्राटी कामगार स्त्रियांचं आंदोलन कर्कश आणि हास्यास्पद दाखवलं गेलं, तेव्हा त्याची लेखिका ओता आइ हिने उघडपणे लिहिलं की हे दृश्य तिच्या संहितेत नव्हतंच. तिने लिहिलं होतं ते दोन कर्मचाऱ्यांचं शांत बोलणं. 'बॉर्डरलाइन' देणाऱ्या मालिकेकडून हे व्हावं याचं मला वाईट वाटतं, आणि स्वतःच्या मालिकेविरुद्ध बोलणाऱ्या ओता यांच्याबद्दल आदर वाटतो. उक्योची शिकवण तिने खऱ्या अर्थाने पाळली.

कारण मालिकेच्या मध्यभागी असलेला प्रश्न हाच आहे: न वाकणारा न्याय माणसांचं काय करतो? डिसेंबर २०१० च्या दुसऱ्या चित्रपटात ओनोदाचा खून झाला, तोही खात्यातल्याच माणसाच्या हातून. न्याय जागेनुसार बदलतो असं मानणारा साहेब गेला आणि उक्योसमोर त्याच्या तोलाचं कुणी उरलं नाही. तिसरा जोडीदार काइ तोरु, मोठ्या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. नारिमिया हिरोकी यांचा हा तरुण तीन हंगाम सगळ्यांचा लाडका होता. १८ मार्च २०१५ च्या अखेरच्या भागात कळलं की कायद्यातून सुटलेल्या गुन्हेगारांना रात्री गाठून मारहाण करणारा 'डार्क नाइट' तोच आहे. प्रेक्षक खवळले. त्यांचा राग रास्त होता; आधी तसं काही पेरलेलंच नव्हतं. पण उक्योच्या सावलीत शिकणारा मुलगा 'गुन्हा कधीच सुटता कामा नये' एवढंच शिकला आणि 'कायद्यानेच' हा अर्धा भाग विसरला, ही कल्पना मालिकेच्या मुळातूनच आलेली होती. उक्योलाही त्याची किंमत मोजावी लागली, त्याला बेमुदत निलंबित केलं गेलं.

त्यानंतर न्याय मंत्रालयातून आलेला काबुरागी वातारु, सोरिमाची ताकाशी यांचा, सात हंगाम टिकला. तो धडा घेऊन आल्यासारखा दोन पावलं अंतर राखून चालला, म्हणून त्याची वर्षं मला जराशी सपाट वाटतात. कामेयामा काओरु, कानबे ताकेरु, काइ तोरु, काबुरागी वातारु: सगळ्यांची नावं 'का'ने सुरू होतात आणि 'रु'ने संपतात. दांड्याला माप ठरलेलं होतं.

जून २०२२ मध्ये बातमी आली की पाचवा जोडीदार पहिलाच असणार. १२ ऑक्टोबरला एकविसाव्या हंगामात तेरावाकी परतले, जवळजवळ चौदा वर्षांनी. जुन्या आठवणींवर मालिका चालवण्याची ही सोपी वाट वाटू शकली असती. लेखकांनी तसं केलं नाही. कामेयामा खात्यात परत येतो तो हवालदार म्हणून नाही. त्याला हुद्दा नाही, पोलिसाचे अधिकार नाहीत. त्याला ठेवलं आहे कंत्राटी कर्मचारी म्हणून. ज्या देशात 'बॉर्डरलाइन'मधला माणूस कंत्राट संपल्यावर संपला, तिथे या मालिकेचा सगळ्यात लाडका पोलीस आता कंत्राटावर आहे. पंचवीस वर्षांत तिने केलेल्या निवडींत मला ही सर्वांत प्रामाणिक वाटते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चोविसावा हंगाम सुरू झाला. मिझुतानी युताका तेव्हा ७३ वर्षांचे होते, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला तेरावाकी यासुफुमीच होते.